‘रोजची कुठली गोळी चालू आहे?’ एवढं विचारा ओ

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या घरी वीस-बावीस वर्षं येतोय पण पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळं इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की पाना घेऊन पळायचं ते काम, आता वय ५६ आणि मला एचआयव्ही आहे. हे शेवटचं लिहायला दोन दिवस गेले, बाकीचं एका बैठकीत होईल असं वाटतंय.

दरवर्षी १ डिसेंबर आला की पेपरात लाल रिबीन लावलेल्या पोरांच्या रॅलीचा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं की चाचणी करा, काळजी घ्या. चांगलंय, करायलाच पाहिजे. पण चाचणी झाली, पॉझिटिव्ह निघाली, गोळी चालू झाली, त्याच्या पुढं काय? पुढं वीस-तीस वर्षं तो माणूस रोज गोळी खाणार, मधे त्याला ऍसिडिटी होणार, कंबर दुखणार, शुगर निघणार, दात किडणार, त्या सगळ्याची औषधं पण तो खाणार, आणि ही सगळी औषधं एकाच पोटात जाणार. ह्याच्याबद्दल मी पेपरात कधी एक ओळ वाचली नाही. म्हणून लिहितोय.

माझं निघालं २००९ ला. सरकारनं फुकट गोळ्या २००४ पासून चालू केल्या होत्या पण तेव्हा आत्तासारखं आज रिपोर्ट आला की लगेच गोळी असं नव्हतं, सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, खाली येईपर्यंत थांबवायचे, ते २०१७ ला बदललं. माझा सीडीफोर १६२ होता त्यामुळं मला थांबायची पाळीच आली नाही. पहिली गोळी झेडएलएन, तीन औषधं मिळून, सकाळ-संध्याकाळ, त्यातल्या नेव्हिरॅपिननं अंगावर पुरळ येऊ शकतं म्हणून पहिले १४ दिवस ते औषध एकदाच, मग दोनदा. पुरळ नाही आलं पण झिडोव्ह्युडिननं रक्त कमी झालं, कारखान्याचा जिना चढताना धाप लागायची आणि मालक म्हणायचा म्हातारा झालास की बे. मग टीएलई आली, रात्री झोपताना एक. त्याच्यातल्या एफाव्हिरेन्झनं डोकं गरगरायचं आणि स्वप्नं असली पडायची की सगळे माग उलटे फिरायलेत आणि धागा माझ्या तोंडातनं निघतोय. आणि २०२१ पासून टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर ३००, लॅमिवुडिन ३०० आणि डोलुटेग्रॅव्हिर ५०, सगळं मिळून एक गोळी, दिवसातनं एकदा. जेवणाआधी घ्या, जेवणानंतर घ्या, फरक नाही, फक्त वेळ एक ठेवायची. खरं सांगतो, आधीच्या गोळ्या खाल्लेल्या माणसाला ही गोळी म्हणजे सणच वाटला. कुणाची झोप उडते, कुणाचं वजन वाढतं, माझं सहा किलो वाढलं, बायको म्हणते बरं दिसायलात.

आणि गोळी सोपी झाली म्हणूनच मी बेफिकीर झालो, ते आता सांगतो.

दोन वर्षांमागं एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, गेलो होतो. कौन्सिलर मॅडमनी नेहमीसारखी बाटली घेतली, ट्रेमध्ये उलटी केली आणि पेनाच्या मागच्या टोकानं दोन-दोन गोळ्या सरकवत मोजल्या. नऊ निघाल्या, आणि नऊच निघायला पाहिजे होत्या, एकही चुकलेली नाही. मी आपला छाती काढून बसलेलो. मग त्यांनी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत त्याचा, कागद पुढं केला, २,३४०. एक हजाराच्या आत पाहिजे आणि माझा तर कैक वर्षं काही सापडतच नव्हता. मॅडम रागावल्या नाहीत, मला तेच जास्त लागलं. म्हणाल्या गोळ्या तर बरोबर आहेत, मग अजून काय काय घेता? मी म्हटलं काही नाही. त्या म्हणाल्या काही नाही असं नसतं ओ, चूर्ण, काढा, तंबाखू, ताकदीच्या गोळ्या, सगळं सांगा. तेव्हा मला आठवलं, म्हटलं ते गुलाबी औषध घेतो ना ऍसिडिटीचं, संध्याकाळी दोन झाकणं. आमच्याकडं शेंगाचटणीशिवाय भाकरी उतरत नाही, जळजळ तर होणारच. मॅडमचं पेन थांबलं. गोळीच्या आधी का नंतर? मी म्हटलं मधे काही ठेवत नाही, गोळी त्या औषधावरच ढकलतो, पाण्याऐवजी.

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. त्या गुलाबी औषधात ऍल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, ते डोलुटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. म्हणजे मी रोज गोळी गिळत होतो आणि तिच्यातलं मुख्य औषध बरंचसं तसंच बाहेर जात होतं. घ्यायचंच असेल तर आधी आपली गोळी आणि दोन तासांनी ऍसिडिटीचं, नाहीतर ऍसिडिटीचं घेतल्यावर सहा तास थांबून आपली गोळी. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांचं पण तसंच आहे, फक्त त्या भरल्या पोटी जेवणाबरोबर टीएलडीसोबत घेतल्या तर चालतात, रिकाम्या पोटी नाही. आणि आपल्याकडं लोह भस्म, शंख भस्म घेणारी माणसं कमी नाहीत, त्यात पण लोह नाहीतर कॅल्शियमच असतं, ते पण विचारूनच घ्यावं. पॅन्टोप्राझोलची साधी गोळी टीएलडीला चालते, मला आता तीच दिलीय. पण सेकंड लाइनवर, म्हणजे पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर देतात त्या गोळ्यांवर, ऍटाझानाव्हिर चालू असलेल्यानं हे वाचून मेडिकलला पळू नये, त्याला तीच पॅन्टोप्राझोल चालत नाही. ज्याची त्याची गोळी वेगळी, विचारणं सगळ्यांनाच आहे.

तीन महिने नीट अंतर ठेवून घेतली, परत रक्त दिलं, व्हायरल लोड परत गायब. सुटलो. नाहीतर विषाणू त्या औषधाला सरावला असता तर मग दुसऱ्या लाइनच्या गोळ्या आल्या असत्या.

आता मला सांगा चूक कुणाची? मी मेडिकलमध्ये काय सांगितलं होतं, ‘जळजळतंय’. त्यानं काय विचारलं, ‘मोठी का छोटी?’ संपलं. त्याला काय स्वप्न पडणार होतं का की ह्या माणसाला टीएलडी चालू आहे म्हणून, आणि मी सांगणार होतो का? आमच्या चौकातलं मेडिकल ते, तिथं तीन माणसं मागं उभी, त्यातला एक माझ्या व्याह्यांच्या गल्लीतला. मी मेलो असतो पण बोललो नसतो.

न सांगण्याची सवय काय हौस म्हणून लागलेली नाही. २०१२ च्या सुमारास एका खासगी दवाखान्यात दात काढायला गेलो होतो, प्रामाणिकपणे सांगितलं की मला असं असं आहे. त्यांनी फायलीवर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि कंपाउंडर बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर ओरडला की ते एचआयव्हीवाले शेवटी घ्यायचेत. दहा माणसं बसली होती. मी दात तसाच घेऊन उठलो. आता ह्यावर कायदा आहे, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला, माणसाच्या परवानगीशिवाय त्याचा एचआयव्ही दुसऱ्याला सांगता येत नाही, उपचार नाकारता येत नाहीत, आणि २० किंवा जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात तक्रार घेणारा अधिकारी नेमलेला पाहिजे. हे मला आता माहितीय. तेव्हा कायदा पण नव्हता आणि माझ्यात दम पण नव्हता. पण त्या एका ओरडण्यानं मी पुढची दहा वर्षं कुठल्याच डॉक्टरला काही सांगितलं नाही.

आणि बाहेर नाही सांगितलं तर घरात तरी सांगितलं का, तर नाही. बायकोला माहितीय, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे आणि आजपर्यंत निगेटिव्हच आहे, व्हायरल लोड सापडत नाही इतका कमी राहिला की शरीरसंबंधातनं पुढच्याला लागण होत नाही हे आता सगळ्या जगानं मानलंय, आम्ही दोघांनी ते सेंटरला बसून ऐकलंय. मुलाला माहितीय. सुनेला सांगितलं नाही. चार वर्षं झाली लग्नाला, पोरगी चांगली आहे, पण आज सांगू उद्या सांगू करत राहून गेलं.

त्यामुळं गोळीची बाटली लपवावी लागते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली पिशवीत टाकून चालायला लागलं की अशी वाजते की बाजूचा मान वळवून बघतो. सेंटरच्या लाइनमधल्या बायका त्यात कापूस कोंबतात. विडी वळणाऱ्या एक वहिनी आहेत, त्या गोळ्या काढून मिसरीच्या डबीत ठेवायच्या, मॅडमनी बंद करायला लावलं, कारण गोळीला दमट हवा चालत नाही, मूळच्या बाटलीत ती बारीक पुडी असते ना ती ओल ओढून घ्यायला असते, ती फेकायची नाही आणि झाकण घट्ट लावायचं. कारखान्यात मला प्रश्न नव्हता, मागांच्या खडखडाटात बाटली काय, बॉम्ब फुटला तरी कळणार नाही. घरी मी बाटली तांदळाच्या पोत्यामागं ठेवायचो. वर पत्रा आहे आणि आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीय, ४२-४३ डिग्री, बाटलीवर लिहिलेलं असतं ३० डिग्रीच्या खाली ठेवा. म्हणून त्यातल्या त्यात गार कोपरा तो.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी पडलो होतो आणि खुळ खुळ खुळ आवाज यायला लागला. उठून बघतो तर नातू, दीड वर्षाचा, पोत्यामागनं बाटली काढून बसलाय आणि खुळखुळा म्हणून हलवायलाय, हसायलाय. झाकण पोरांना उघडत नाही तसलं होतं म्हणून बरं. मी हिसकावून घेतली तर तो रडायला लागला, सून धावत आली, ‘मामा, कसली बाटली?’ आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, बीपीची गोळी आहे.

एवढ्याशा खोट्यानं पुढं काय केलं बघा. सून मनानं चांगली, तिनं माझी बीपीची गोळी मनावर घेतली. भाजीत मीठ कमी केलं. मी मुकाट्यानं खाल्लं. मग पावसाळ्यात मला ताप आला, असा की उठवेना, बोलताना तोल जायचा. मुलगा पुण्याला, बायको माहेरी भावाच्या दुखण्यात. सुनेनं एकटीनं रिक्षा करून मला एका खासगी हॉस्पिटलात ऍडमिट केलं, ही गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. डॉक्टरनं तिला विचारलं रोजचं काही औषध चालू आहे का, तिनं सांगितलं हो, मामांना बीपीची गोळी आहे. तिनं तिला माहीत होतं ते खरं सांगितलं. डॉक्टरनं बीपी मोजलं तर खाली आलेलं, त्यांनी कागदावर लिहिलं, बीपीची गोळी बंद ठेवा.

म्हणजे माझी टीएलडी बंद. तीन दिवस. वर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. टेनोफोव्हिर किडनीवर लक्ष ठेवूनच द्यायचं औषध, त्यासाठी तर आमचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघत राहतात, आणि त्याच्या जोडीला दुखण्याची असली औषधं पडली की किडनीवरचा ताण वाढतो, त्यात तापानं अंगातलं पाणी कमी झालेलं. डॉक्टरला दोष कसा देऊ, त्यांनी विचारलं होतं की. चौथ्या दिवशी शुद्ध नीट आली तेव्हा मी डॉक्टरला एकट्याला थांबवून सगळं सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले काका, हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी ते इंजेक्शन दिलंच नसतं. आवाज पण वाढवला नाही, फायलीवर लाल पेन पण नाही, गोळी त्याच रात्री चालू करायला सांगितली. म्हणजे असेही डॉक्टर आहेत, आणि मी दहा वर्षं सगळ्यांना त्या एका दाताच्या दवाखान्याच्या मापानं मोजत होतो.

बाकी लाइनमध्ये बसून बसून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कारखान्यात पाळी बदलली की गोळीची वेळ हुकायची, दिवसपाळीला सकाळी सातला घेणारा रात्रपाळीच्या आठवड्यात सातला झोपलेला असतो. मी दोन्ही पाळ्यांना जागा असायचो अशी वेळ धरली, संध्याकाळी साडेसहा, चहाबरोबर. विसरली तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची, पण दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर आपली दुसऱ्या दिवशीच घ्यायची, कालची भरपाई म्हणून दोन एकदम टाकायच्या नाहीत. महिन्याच्या तीसमधली एक हुकली तर निभावतं, दोन हुकल्या की ९५ टक्क्यांच्या खाली गेलो असं मॅडम धरतात. एकादशीला, श्रावणात गोळी बंद ठेवणारे लोक मी बघितलेत, गोळी म्हणजे अन्न नाही ओ, उपास मोडत नाही आणि रिकाम्या पोटी चालते. आमच्या मागावरचा एक भाई रमजानमध्ये सहरीच्या वेळेला घ्यायचा, रोजापण झाला आणि गोळीपण. आषाढीला वारीत जायचं असो नाहीतर लग्नाला हैदराबादला, आधी सेंटरला सांगायचं, जास्तीच्या गोळ्या देतात, आणि सेंटरनं दिलेलं हिरवं पुस्तक, ज्यात आपल्या गोळ्यांची नोंद असते, ते बरोबर ठेवायचं, कुठं अडकलात तर तिथल्या एआरटी सेंटरला ते दाखवता येतं.

शुगरवाल्यांसाठी एक वेगळं. डोलुटेग्रॅव्हिरमुळं मेटफॉर्मिन रक्तात जास्त साठतं, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जायला नको असं सांगतात. आता शुगरचा डॉक्टर वेगळा, त्याला टीएलडीचं सांगितलेलंच नाही, तो बिचारा शुगर उतरत नाही म्हणून डोस वाढवत जाणार. फिटच्या गोळ्यांचं उलटं, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ह्या डोलुटेग्रॅव्हिरची ताकद कमी करतात. अजून एक गंमत, डोलुटेग्रॅव्हिर चालू झाल्यावर क्रिएटिनिन रिपोर्टमध्ये थोडं वाढलेलं दिसतं पण किडनीला काही झालेलं नसतं, हे माहीत नसलेला डॉक्टर उगाच घाबरवून सोडतो. आणि खरंच बिघडलं असेल तर ते पण बघायला पाहिजे, म्हणजे परत तेच, त्याला माहीत पाहिजे.

आता तुमच्या पेपरबद्दल, राग मानू नका. आतल्या पानावर त्या छोट्या जाहिराती येतात ना, गुप्तरोग, जुनाट रोग, खात्रीशीर इलाज, भेटा अमुक लॉज, रूम नंबर तमुक, दर गुरुवारी. त्यात एचआयव्ही असं लिहिलेलं नसतं, पण तिथं गेलं की तो एचआयव्हीपण बरा करून देतो. आमच्याबरोबर गोळी चालू झालेला एक जण असाच गेला, त्या माणसानं सांगितलं आधी ती इंग्रजी गोळी बंद करा, मग माझी पुडी लागू पडेल. पुडीला किती हजार गेले ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. काही महिन्यांनी टीबी घेऊन परत आला, वजन ३८ किलो. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, ते डोलुटेग्रॅव्हिरला शरीरात टिकू देत नाही, म्हणून त्याला सकाळच्या टीएलडीनंतर बारा तासांनी डोलुटेग्रॅव्हिरची अजून एक ५० ची गोळी घ्यावी लागायची, टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे. वाचला तो, पण पूर्वीसारखा माग चालवू शकला नाही. आणि ज्याला बी टाइपची कावीळ पण आहे त्यानं तर गोळी मनानं बंद करायचीच नाही, टीएलडीतली दोन औषधं त्या काविळीला पण दाबून ठेवत असतात, सोडली की लिव्हर एकदम भडकू शकतं. सरकारच्या औषधांच्या नियमांत शेड्युल जे म्हणून यादी आहे, कुठल्या आजाराला आम्ही बरं करतो असा दावा औषधावर करता येत नाही त्याची, त्यात पहिलंच नाव एड्सचं आहे. जाहिरात घेणाऱ्यानं एकदा ती यादी टेबलाच्या काचेखाली ठेवावी. चार ओळींच्या जाहिरातीचे पैसे ते किती येत असतील ओ.

आणि मुख्य मागणी, जिच्यासाठी एवढं लिहिलं. मेडिकलवाल्यांनी आणि डॉक्टरांनी प्रत्येकाला, म्हणजे खोकल्याचं औषध मागणाऱ्या पोराला पण आणि कंबरेची गोळी मागणाऱ्या म्हातारीला पण, एक प्रश्न विचारायची सवय लावावी, रोजची कुठली गोळी चालू आहे? सगळ्यांनाच विचारलं की त्यात आमचं वेगळं काही दिसणार नाही. आणि उत्तर तोंडानंच द्यायला पाहिजे असं नाही, काउंटरवर एक कागद-पेन ठेवा, लिहून दाखवू आम्ही. मी आता तेच करतो. पाकिटात एक चिठ्ठी आहे, त्यावर फक्त टेनोफोव्हिर, लॅमिवुडिन, डोलुटेग्रॅव्हिर एवढंच लिहिलंय, आजाराचं नाव नाही. काहीही घ्यायच्या आधी ती पुढं सरकवतो आणि म्हणतो ह्याच्याबरोबर चालतं का बघा. परवा नवीन पेठेतल्या एका मेडिकलमधल्या पोरीनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, कॅल्शियमची पट्टी हातात ठेवली आणि म्हणाली काका, जेवणाबरोबर घ्या, उपाशीपोटी नको. एवढंच. मला रस्त्यावर येऊन दोन मिनिटं उभं राहावं लागलं. ज्या मेडिकलवाल्यांना ह्यातलं माहीत नाही त्यांनी आणि आमच्यासारख्यांनी पण १०९७ ला फोन लावावा, फुकट आहे.

पत्र मोठं झालंय, कापायचं असेल तर माझी स्वप्नं-बिप्नं कापा, ते दोन तास आणि सहा तासांचं तेवढं ठेवा. आणि खाली नाव छापू नका, ‘पूर्व भागातील एक वाचक’ चालेल. तसं नाव नाही छापलं तरी उपयोग किती होईल कुणास ठाऊक, आमच्या घरी पेपर आधी सून वाचते आणि मग मला देते, खुळखुळ्यापर्यंत आली की तिला कळणारच आहे. कळू दे. त्या दिवशी मी घरीच थांबेन.

आपला,
पूर्व भागातील एक वाचक, सोलापूर